सापळ्याची झाडं

माझा भाऊ रुबेन हा बहुधा जगातला एकमेव बेने इस्रायली असेल, ज्याने ख्रिसमसची झाडं विकून श्रीमंत व्हायचं ठरवलं. आम्ही कोकणातले ज्यू. पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून बसायचे. धंद्याची अक्कल त्यांच्याबरोबरच संपली असावी, कारण रुबेनमध्ये ती अजिबात उतरली नाही. ब्रिस्टलला विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून त्याचं छान चाललं होतं. पण एका सुट्टीत तो आणि त्याची बायको हॅनाह केंटमध्ये फिरायला गेले आणि टेंटरडनच्या पुढे एक उतरती, पडीक जमीन विकत घेऊन परत आले. लोक सुट्टीवरून मुरांब्याची बरणी आणतात, यांनी जमीन आणली.

त्या जमिनीत दोघांनी स्वतःच्या हातांनी स्प्रूसची रोपं लावली. स्प्रूस म्हणजे डिसेंबरात दुकानाबाहेर जाळीत गुंडाळून उभं असतं ते झाड. माणसाच्या उंचीची झाली की कापायची आणि विकायची, असा बेत होता. पहिला डिसेंबर आला, रुबेन करवत घेऊन उभा राहिला, तर हॅनाह म्हणाली, "अहो, पुढच्या वर्षी कापू. अजून लहान आहेत." पुढच्या वर्षीही तिचं तेच. असं करता करता झाडं कुणाच्याही दिवाणखान्यात मावणार नाहीत इतकी वाढली, धंदा बुडाला आणि मागे एक रान उरलं.

हॅनाह माझी भायखळ्याच्या शाळेतली मैत्रीण. तिचं नि रुबेनचं लग्न मीच जुळवलं आणि आयुष्यात केलेल्या मोजक्या शहाणपणाच्या गोष्टींत मी ते धरते. रुबेन निवृत्त झाल्यावर ती दोघं लंडनमध्ये पिनरला माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहायला आली. पण त्यांचा जीव केंटमध्ये. दर आठवड्याला गाडीत थर्मास, उकडलेली अंडी आणि घडीच्या खुर्च्या टाकून निघायची. सुक्कोथच्या सणाला मांडवावर घालायच्या फांद्या तिथूनच यायच्या आणि मग आठवडाभर आमच्या सगळ्यांच्या कपड्यांना राळेचा वास यायचा. मला स्वतःला त्या रानात काडीचा रस नव्हता. आत अंधार, खाली ओल, पक्षीसुद्धा कंटाळून गप्प बसलेले. पण हॅनाह तिथे जशी हसायची तशी ती पिनरमध्ये हसायची नाही, हे मला दिसत होतं, म्हणून मी जीभ आवरायची.

गेल्या हिवाळ्यात हॅनाहच्या पोटात दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही हाताबाहेर गेलेला. डॉक्टर फार सभ्य होते. इथले डॉक्टर वाईट बातमी इतक्या हळू सांगतात की घरी आल्यावर कळतं आपल्याला काय सांगितलं ते. त्याच हिवाळ्यात एका वादळाने रानाच्या खालच्या कोपऱ्यातली झाडं आडवी केली. तिकडे बघायला कुणाला वेळ होता?

तिकडे बघितलं ते अपूर्वने. अपूर्व नागपूरचा. एडिनबराला वनशास्त्र शिकला आणि झाडांचे रोग तपासणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागला. त्या भागातली स्प्रूसची रानं तपासत फिरत होता. पहिल्यांदा फोन आला तेव्हा त्याचं इंग्रजी ऐकून रुबेनने सरळ मराठीत विचारलं, "तू कुठला रे?" त्यानंतर तो आमच्या घरचाच झाला. हॅनाहने त्याला दोनदा गव्हाच्या चिकाचा हलवा खायला घातला. स्वतः एक घाससुद्धा घेऊ शकत नव्हती तेव्हा.

एप्रिलच्या सुरुवातीला मी रुबेनबरोबर केंटला गेले. हॅनाह हॉस्पिटलमध्ये होती आणि रुबेनला एकट्याला गाडी चालवू द्यायची माझी तयारी नव्हती. अपूर्वने पडलेल्या एका झाडाची साल चाकूने उचकटली. खाली लाकडावर मध्ये एक उभी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना बारीक आडव्या रेघा कोरलेल्या होत्या, एखादा जुना कंगवा ठेवावा तशा. एका रेघेच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा तपकिरी भुंगेरा बसला होता.

"एवढासा?" रुबेन म्हणाला.

"एकटा असला तर काहीच करू शकत नाही, काका. स्ट्राँग झाड राळ सोडून त्याला तिथेच बुडवतं. पण हे पडलेलं झाड म्हणजे त्याला फुकटचं घर. एक नर आत शिरला की वास सोडतो, त्या वासावर बाकीचे येतात. हजारांनी येतात. मग ते उभ्या झाडांवर जातात, आणि तेवढे आले की कितीही मोठं झाड असू दे, ते टिकत नाही."

"मग?"

"मग साल सुटते, शेंडा लाल होतो, झाड मरतं. आणि पुढचं."

रुबेनने तो भुंगेरा बोटाने उचलला, तळहातावर घेतला, चष्मा वर करून नीट बघितला. आयुष्यभर विमानांच्या पंखांत केसाएवढी भेग शोधणारा माणूस तो. मग त्याने अपूर्वकडे न बघता विचारलं, "हे रान वाचेल का? हॅनाहला मला काहीतरी सांगावं लागेल."

अपूर्वने चाकू मिटून खिशात टाकला. मला तो मुलगा आवडतो, पण दिलासा देण्याच्या बाबतीत त्याचा हात आखडता. "वाचू शकतं," तो म्हणाला. "आत्ता फक्त हा कोपरा आहे. ही पडलेली सगळी वनखात्याच्या परवानगीने उचलू. पण काही भुंगेरे खाली पाचोळ्यात राहणारच. त्यांच्यासाठी ट्रॅप लावायचा. थोडी चांगली झाडं आपणच पाडायची."

"चांगली झाडं पाडायची?" मी विचारलं. मला वाटलं, नागपूरच्या उन्हाने पोराच्या डोक्यावर परिणाम केलाय.

त्याने समजावून सांगितलं. चांगली झाडं पाडून रानाच्या कडेला सावलीत ठेवायची आणि त्यांना भुंगेऱ्यांना ओढणाऱ्या वासाच्या पुड्या बांधायच्या. उन्हाळा लागला की भुंगेरे उडतात, उभ्या झाडांना सोडून या आडव्यांत शिरतात, सालीखाली अंडी घालतात. अळ्या होतात, कोष होतात. ती नवी पिलावळ पंख फुटून बाहेर पडायच्या आत साल सोलून जाळून टाकायची. एका झटक्यात सगळा वंश खलास.

"लवकर सोललं तर बाहेर फिरणारे राहून जातात," अपूर्व म्हणाला. "आणि उशीर झाला तर आपणच त्यांना पाळणाघर काढून दिल्यासारखं होतं. मी मधूनमधून साल उघडून बघत राहीन. जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सोलायला लागेल असं वाटतंय. मी सांगेन तेव्हा मात्र थांबायचं नाही, काका."

"नाही थांबणार," रुबेन म्हणाला.

कुठली झाडं पाडायची ते रुबेनला ठरवता येईना. या झाडाजवळ गेला, त्या झाडाजवळ गेला, प्रत्येकाच्या खोडावर हात ठेवून परत आला. शेवटी त्याने हॉस्पिटलमध्ये व्हिडिओ कॉल लावला आणि फोन झाडांकडे धरला. जिने जन्मात एक झाड कापू दिलं नव्हतं, ती नाकात नळी घेऊन पडल्या पडल्या झाडं निवडत होती. ते वाकडं घ्या. ते, ज्याच्याखाली तुम्ही घसरून पडला होतात, ते घ्या. कुंपणाजवळचं नको, त्यात दरवर्षी घुबड येतं.

"शेवटी माझ्याच हातून कापवलीत," ती म्हणाली.

"तुझं रान उभं राहील, हॅनाह," रुबेन म्हणाला. "तू काही झालं तरी... ते उभं राहील. मी बघतो."

तिने मान हलवली. तिला स्वतःबद्दल कुणीच असं वचन देऊ शकत नव्हतं, त्यामुळे तिने हे घेतलं. त्या दिवशी परत येताना रुबेन गाडीत एका हाताने डोळे पुसत होता आणि मी त्याला लेन सांभाळ म्हणून ओरडत होते.

मे महिन्यात भुंगेरे आले. अपूर्वने फोटो पाठवले. आडव्या झाडांच्या सालीवर जागोजाग कॉफीच्या पुडीसारखा भुसा सांडला होता. उभी झाडं स्वच्छ होती. सापळा चालला होता. रुबेनने फोटो हॅनाहला दाखवले आणि तिने विचारलं, "आणि घुबड?" घुबडाचं अपूर्वला काही माहीत नव्हतं, पण त्याने आहे म्हणून सांगितलं. त्याला तेवढी अक्कल आहे. रुबेनने साल सोलायची लांब दांड्याची हत्यारं आणून गॅरेजमध्ये ठेवली, धार लावून. मदतीला दोन माणसं सांगून ठेवली. रानाचं जमणार होतं. आमच्या घरात तेवढं एकच काहीतरी जमणार होतं.

जूनमध्ये इंग्लंडला साजणार नाही असं ऊन पडलं आणि त्या उन्हात हॅनाह गेली.

आता मला जेरेमीबद्दल बोलायला पाहिजे. जेरेमी रुबेन आणि हॅनाहचा एकुलता मुलगा. फायनान्समध्ये आहे, एजवेअरला राहतो. लहानपणी शनिवारी फुटबॉल खेळायचा. लग्नानंतर तो एकदम धर्माला लागला, आणि आमच्या साध्यासुध्या कोकणी धर्माला नव्हे. आमच्याकडे एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा करायचा, मंगळसूत्र घालायचं, देवाला मराठीत चार गोष्टी सांगायच्या, इतकंच. जेरेमी पुस्तकातून शिकला. पुस्तकातून शिकलेल्या माणसाला आईबापांचं सगळं चुकीचं वाटतं. हॅनाहने ते हसण्यावारी नेलं होतं. पण मुलगा आईवर जीव टाकायचा, हे मला नाकारता येणार नाही. आजारपणात रोज संध्याकाळी ऑफिसातून थेट हॉस्पिटलला यायचा आणि तिचे पाय चेपायचा.

आई गेल्यावर त्याने सगळं हातात घेतलं. सात दिवस सुतकात बसायचं, ज्याला शिवा म्हणतात, ते नियमाने. आरसे झाकले. रुबेनचा सदरा गळ्यापाशी फाडला. बुटक्या स्टुलांवर बसायचं, चामड्याची पादत्राणं नकोत, दाढी नको, घराबाहेर पाऊल नको, आणि धंद्यापाण्याची गोष्ट तर नकोच. रुबेनचा फोन बंद होऊन ड्रॉवरमध्ये गेला.  रुबेन जन्मभर सिनेगॉगला टांग मारलेला माणूस, पण त्या आठवड्यात मुलगा म्हणेल तिथे बसला, म्हणेल तेव्हा उठला. मी त्याला ओळखते. हॅनाहसाठी करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून जे कुणी सांगेल ते तो करत होता.

गुरुवारी दुपारी अपूर्व आला. घामाने निथळत होता, बुटांना माती होती. तो केंटहून थेट आला होता. जेरेमीने त्याला दारातच थांबवलं.

"अपूर्व, आत गेला की तू पहिला बोलायचा नाही," जेरेमी हळूच म्हणाला. त्याचं मराठी असंच आहे, बिचाऱ्याला शब्दांचं लिंग आणि आदरार्थी बोलणं कधी सापडलंच नाही. "डॅडी बोलला तर बोल. तो सायलेंट असला तर तू पण सायलेंट. हा आमचा रूल आहे. रिस्पेक्टसाठी."

मी स्वयंपाकघराच्या दारात मसुराची डाळ ढवळत हे ऐकत होते आणि माझ्या कपाळाची शीर उडत होती. मुंबईला आमच्याकडे मयताच्या घरी लोक यायचे ते गल्लीच्या तोंडापासून रडत यायचे. आत आले की बोलायचे, भांडायचे, चहा मागायचे, गेलेल्या माणसाच्या खोड्या सांगायचे. गप्प बसायचा हा नियम असेलही पुस्तकात, पण आमच्या सात पिढ्यांत तो कुणी पाळला नव्हता, कारण आम्हाला गप्प बसणंच जमत नाही.

अपूर्व आत जाऊन रुबेनसमोर बसला. रुबेनने त्याच्याकडे बघितलं, ओळखीची मान हलवली आणि परत खाली बघायला लागला. अपूर्वने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. जेरेमी दाराशी उभा होता. पाऊण तास तो मुलगा तसाच बसून राहिला, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि रुबेन एक शब्द बोलला नाही. मग अपूर्व उठला, त्याने वाकून रुबेनच्या पायाला हात लावला आणि बाहेर गेला. बाहेर पॅसेजमध्ये तो जेरेमीशी काहीतरी बोलला. मला वाटलं, निरोप घेतोय. मी गॅसकडे वळले.

तो काय बोलला ते मला नंतर कळलं. उन्हामुळे सगळं लवकर झालंय. सकाळी साल उघडली तर कोष तपकिरी व्हायला लागलेत. एकदोन दिवसांत सोललं नाही तर उडतील. काकांना आजच सांगा. जेरेमीने मान हलवली आणि म्हणाला, "शिवामध्ये बिझनेस टॉक नाही. मंडे सकाळी सांगतो." अपूर्वने पुन्हा सांगितलं. जेरेमीने पुन्हा मान हलवली, या वेळी होकारासारखी. घरच्या मुलाला सांगितलं म्हणजे घरात पोचलं, असं अपूर्वला वाटलं. नागपूरकडे तसंच असतं आणि आमच्याकडेही तसंच असायचं.

शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या मेणबत्त्या लावायच्या आधी रुबेनने पहिल्यांदा तोंड उघडलं. "अपूर्व येऊन गेला ना," तो जेरेमीला म्हणाला. "झाडांचं काही म्हणाला का?"

मी तिथेच होते. जेरेमीने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "नाही, डॅडी. तो फक्त बसला. तू वरी करू नको."

रुबेनच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झालेला मी बघितला. "घाई असती तर बोलला असता तो," रुबेन म्हणाला आणि डोळे मिटून बसला. मला तेव्हा बरं वाटलं. आज ते आठवलं की अंगाची लाही होते. जेरेमीचा राग यावा तर त्याने ते बापाच्या भल्यासाठी केलं. झाड म्हणजे झाड, ते सोमवारपर्यंत कुठे पळून जातंय, असं त्याला वाटलं. भुंगेऱ्याला पंख असतात हे त्याच्या कुठल्याच पुस्तकात नसावं.

सोमवारी सकाळी सात दिवस पुरे झाले. रिवाजाप्रमाणे आम्ही घराला एक फेरी मारली. रुबेन उन्हात डोळे बारीक करून चालत होता. फेरी संपल्यावर जेरेमी म्हणाला, "डॅडी, तो अपूर्व लॉग्जबद्दल काहीतरी म्हणत होता. तू फोन कर." आणि ऑफिसला गेला. रुबेनने फोन केला नाही. गॅरेजमधून हत्यारं काढून गाडीत टाकली, फाटका सदराही बदलला नाही. मी चप्पल घालून धावत जाऊन शेजारी बसले. केंटपर्यंत मी लेनबद्दल काही म्हटलं नाही.

अपूर्व तिथे आधीच होता. शनिवारपर्यंत रुबेनची वाट बघून रविवारपासून एकटाच सोलत होता. त्याला मशीनवालं कुणी मिळालं नव्हतं. ते सगळे नोटिसा आलेल्या मोठ्या रानांत गुंतले होते, आणि रुबेनने सांगून ठेवलेल्या माणसांचे नंबर रुबेनच्याच बंद फोनमध्ये होते. दोन ओंडके सोललेले, पांढरेशुभ्र पडले होते. बाकीचे तसेच. अपूर्वच्या दोन्ही तळहातांना फडकी गुंडाळलेली होती.

रुबेन न सोललेल्या एका ओंडक्यापाशी गेला. साल बारीक छिद्रांनी भरली होती. गोल, स्वच्छ छिद्रं, जणू कुणी दाभणाने टोचली असावीत. त्याने हत्यार सालीखाली घालून रेटलं. साल सहज सुटून आली. खाली कंगव्याच्या रेघा होत्या, भुसा होता, एकदोन फिके भुंगेरे होते. बाकी रिकामं.

"गेले," रुबेन म्हणाला.

"रविवारी सकाळी मी आलो तेव्हा उडतच होते, काका," अपूर्व म्हणाला. "उन्हात दिसत होते."

"कुठे गेले?"

अपूर्वने नुसतं वर बघितलं.  समोर रान उभं होतं, हिरवंगार, हॅनाहने कापू न दिलेलं.

"तू गुरुवारी आला होतास," रुबेन म्हणाला. "मला का नाही सांगितलंस?"

"मी जेरेमीला सांगितलं होतं. दोनदा." एवढं बोलल्यावर अपूर्वने रुबेनचा चेहरा बघितला आणि त्याला कळलं. मलाही त्याच क्षणी कळलं. रुबेन ओंडक्यावर बसला. हातातली साल त्याने उलटी केली, सुलटी केली, परत उलटी केली. मला वाटलं आता तो ओरडेल. त्याने ओरडावं असं मला हवं होतं.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "हे इथेच ठेवायचं. दोघांनीही. जेरेमीला कळता कामा नये."

"कळायला नको?" माझा पारा चढला. "रुबेन, तुझ्या मुलाने तुझ्या तोंडावर खोटं सांगितलं. तू विचारलंस आणि तो नाही म्हणाला. हॅनाहचं रान..."

"अदीना, तो आईला कायमचा मुकलाय," रुबेन म्हणाला. "त्या सात दिवसांशिवाय त्याच्याकडे काय आहे? त्यानेच रान मारलं असं त्याला सांगू? मग तो ते सात दिवस कसे आठवेल?"

मी हत्यार उचललं. धाकट्या भावाचं मुकाट ऐकायचे प्रसंग माझ्यावर फार आलेले नाहीत. आम्ही तिघांनी मिळून उरलेले ओंडके सोलले, संध्याकाळपर्यंत. काही उपयोग नव्हता. आत राहिलेले मूठभर मेले असतील. पण रुबेन थांबायला तयार नव्हता, आणि थांबून तरी काय करायचं होतं.

ऑगस्टमध्ये पहिले शेंडे लाल झाले. आधी कडेचे, मग आतले. खोडांच्या बुंध्याशी कॉफीसारखा भुसा पडला, साल चपात्यांएवढ्या तुकड्यांत गळायला लागली. कुंपणाजवळचं ते घुबडाचं झाड सर्वांत आधी गेलं. खात्याची नोटीस आली, सगळं रान तोडायचं. अपूर्वने लाल झाडांची आणि हिरव्या झाडांची सीमा आखून थोडं तरी राखता येईल का म्हणून अर्ज केला. तो नामंजूर झाला आणि बरोबरच झाला. अपूर्व स्वतः म्हणाला की त्यांच्या जागी तो असता तर त्यानेही नामंजूर केला असता. यंदा पिनरच्या मांडवावर आम्ही बाजारातून आणलेल्या बांबूच्या चटया घातल्या. कपड्यांना कसलाच वास आला नाही.

जेरेमीने ऑगस्टमध्येच एकदा बापाला विचारलं होतं. मी समोर होते. "डॅडी, मी मंडेपर्यंत थांबलो म्हणून तर नाही ना झाला हे?" त्याचा आवाज लहानपणी काच फोडून यायचा तेव्हासारखा झाला होता.

"छे," रुबेन म्हणाला. "अपूर्व आपल्याकडे आला त्याच्या आधीच ते उडाले होते." आणि जेरेमीने सोडलेला श्वास मला टेबलाच्या या टोकाला ऐकू आला.

ऑक्टोबरच्या शेवटी तोडणी झाली. एक मोठं मशीन आलं. ते झाडाला कवेत घ्यायचं, बुडातून कापायचं, आडवं करायचं, फांद्या ओरबाडायचं आणि तुकडे करून ठेवायचं. दोघांना लावायला कित्येक शनिवार-रविवार लागले होते. मशीनने दुपारपर्यंत अर्धी उतरण मोकळी केली. लांबवर एक चर्च दिसायला लागलं, जे तिथून कधी दिसलंच नव्हतं. रुबेन घडीच्या खुर्चीवर बसून बघत होता. दुसरी खुर्चीही त्याने आणली होती, पण तिच्यावर मला बस म्हणाला नाही आणि मीही बसले नाही.

जेरेमी सुट्टी घेऊन आला होता. सगळ्यांसाठी चहा आणला होता. त्याने बापाच्या हातात कप दिला आणि मोकळ्या उतरणीकडे बघत म्हणाला, "डॅडी, आपण परत लावू या. मम्मीच्या नावाने. सेम झाडं. मी पण येईन लावायला."

अपूर्वने घसा खाकरला. "या भागात आता स्प्रूस लावायला परवानगी नाही, जेरेमी."

"मग कधी मिळेल?"

"माहीत नाही. बहुतेक आपल्या हयातीत नाही."

जेरेमीने स्वतःचा कप खाली ठेवला. मशीनचा ड्रायव्हर जेवायला उतरला होता, त्यामुळे एकदम शांत झालं होतं. मग जेरेमी बापाच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसला. "ॲटलीस्ट मम्मीची सात दिवस प्रॉपर झाली ना, डॅडी," तो म्हणाला. "सगळी रूल्स आपण पाळली. ते तरी आपण तिच्यासाठी केलं."

माझ्या तोंडात आलं होतं. अगदी दातांच्या मागे येऊन थांबलं होतं. अपूर्वने पाठ फिरवली. रुबेनने माझ्याकडे न बघता हात लांब करून माझं मनगट धरलं आणि इतकं घट्ट दाबलं की बांगडी रुतली.

"हो, बेटा," तो जेरेमीला म्हणाला. "ते अगदी नीट झालं." आणि दुसऱ्या हाताने त्याने मुलाच्या खांद्यावर पडलेला लाकडाचा भुसा झटकला.